'जनुकीय' की 'आनुवंशिक'? शिवाय 'मायक्रोसॅटेलाइट'

गवतफूल: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत आणते आहे. 'गाठीत केरास जनुकात म्युटेशन आढळले' याला मी 'जनुकीय बदल' लिहिलं. मुद्रितं तपासताना ते खोडून 'अनुवांशिक बदल' झालं. दोन्ही एकच, असं उत्तर मिळालं. 'मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी'साठी 'सूक्ष्मउपग्रह अस्थिरता' सुचवलंय, तेही खटकतंय.

सूक्ष्मदर्शी: एकच मुळीच नाहीत. केरासमधला बदल, बहुतेकदा कोडॉन (तीन अक्षरी गट) १२ किंवा १३ मधला, आतड्याच्या एखाद्या पेशीत मोठेपणी होतो आणि गाठीपुरताच राहतो. जनुकीय खरा, पण मुलांत उतरत नाही. लिंच सिंड्रोमचं, म्हणजे घराण्यात उतरणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याचं, उलट. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या डीएनएची नक्कल करतानाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एकात जन्मापासून दोष असतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५०%. तिथे 'आनुवंशिक'च हवं, नाहीतर भावंडं कोलोनोस्कोपीला जाणारच नाहीत. केरासपुढे तोच शब्द छापलात तर घरातली मुलं विनाकारण घाबरतील.

वेलांटी: आणि शब्द 'आनुवंशिक' आहे. अनुवंश + इक, वृद्धी पहिल्या स्वराला. 'वं'चा 'वां' कुठून आला?

जुनाबोरू: लोकांच्या तोंडून आला. बहुसंख्य लोक 'अनुवांशिक' लिहितात, सगळ्यांना कळतं. रूढ झालं ते चालावं.

वेलांटी: मग 'आनुषंगिक'चं 'अनुषांगिक'ही चालवणार?

जुनाबोरू: ते चालतंच आहे की.

टीपकागद: उपग्रहाबद्दल. डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवला की घनतेप्रमाणे थर लागतात. मुख्य पट्ट्याच्या बाजूला एक लहान पट्टा दिसायचा, त्याला 'सॅटेलाइट' म्हणाले. त्यात डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांच्या त्याच त्या क्रमाची पुनरावृत्ती निघाली. पुढे १ ते ६ अक्षरांच्या पुनरावृत्तीला 'मायक्रोसॅटेलाइट' नाव पडलं. आकाशाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये 'सॅटेलेस' म्हणजे सोबत चालणारा सेवक, म्हणून 'अनुचर' जवळचा. मी मात्र 'सूक्ष्मपुनरुक्ती' म्हणेन. बॅट-२६ हा मार्कर, म्हणजे तपासणीसाठी निवडलेली जागा, ओळीने २६ 'ए'ची. नक्कल करताना तिथे घसरगुंडी होते, दुरुस्तीची प्रथिनं ती सावरतात. ती नसली की गाठीत हा आकडा घटतो. ५ मार्करांच्या जुन्या संचात २ किंवा जास्त बिघडले की 'एमएसआय-हाय', म्हणजे ही अस्थिरता जास्त.

जुनाबोरू: 'पुनरुक्ती' हा तर लेखनातला दोष. 'आवर्तन' घ्या.

वेलांटी: आवर्तन चक्राचं. इथे ओळ आहे.

सूक्ष्मदर्शी: त्याहून धोक्याचा शब्द अहवालातला 'लॉस'. 'एमएलएच१ नष्ट' नको, 'गाठीच्या पेशींत प्रथिन दिसले नाही' लिहा. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे गाठीच्या तुकड्यातली प्रथिनं रंगवून पाहण्याच्या तपासणीत, त्या ४ जनुकांच्या प्रथिनांचा तपकिरी रंग केंद्रकात पाहतात. त्याच स्लाइडवर शेजारच्या लिम्फोसाइटची (निरोगी पांढऱ्या पेशींची) केंद्रकं रंगलेली हवीत. तीही कोरी असतील तर दोष स्लाइडचा, बहुधा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट न मुरल्याने. एमएलएच१ नसलं की पीएमएस२ही दिसत नाही, कारण ते जोडीदाराशिवाय टिकत नाही. म्हणून दोन प्रथिनं गायब म्हणजे दोन जनुकं बिघडली, असं नव्हे. लिंच आहेच असंही नव्हे. उतारवयात बरेचदा एमएलएच१च्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागावर, मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) बसून जनुक गप्प होतं. त्यासाठी ब्राफ जनुकातला व्ही६००ई हा बदल किंवा हे मिथायलेशन तपासतात. यातलं काही आढळलं तर कारण बहुधा आनुवंशिक नसतं.

गवतफूल: म्हणजे एकाच पानावर दोन्ही शब्द लागणार. बरं, केरास न बदललेलं असलं की लिहितात त्या 'केरास वाइल्ड टाइप'ला 'जंगली प्रकार' केलंय, ते?

टीपकागद: तो शब्द फळमाशीच्या प्रयोगांत रुळला. निसर्गात सर्रास आढळणारी माशी ती 'वाइल्ड'.

जुनाबोरू: 'मूळ वाण' म्हणा, शेतकऱ्याला लगेच कळेल.

सूक्ष्मदर्शी: वाण अख्ख्या रोपाचं असतं, इथे एका जनुकाबद्दल बोलतोय. 'केरासमध्ये बदल आढळला नाही' पुरे. सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध द्यायचं की नाही हे ठरवताना आधी हेच पाहतात. बदल असेल तर ते औषध सहसा लागू पडत नाही.

वेलांटी: 'वां' दुरुस्त केलात का?