जुनी गाडी पेट्रोल प्यायला लागली तेव्हा दोष नेमका कुठे सापडला? अनुभव लिहा

माझी २०११ची पेट्रोल गाडी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. सातारा-पुणे हायवेला १७चं अ‍ॅव्हरेज द्यायची, ती गेल्या पावसाळ्यात १२वर आली. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही, बिघाडाचा कोड नाही, फक्त स्पार्क प्लग काळे. गॅरेजमध्ये सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला. ३,४०० रुपये घालून नवा बसवला. फरक शून्य.

मग ब्लूटूथचा स्कॅनर घेतला आणि कोड सोडून चालू आकडे बघत बसलो. यवतेश्वरचा घाट चढताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ८४ अंश, उतरताना ५८. हायवेला सपाटीवर ६२च्या पुढे जाईना. इंजिन तापतच नाही म्हटल्यावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्तीचं पेट्रोल सोडत राहणारच. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) झाकण उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! मे महिन्यात गाडी घाटात तापली होती, तेव्हा रेडिएटरच्या कामात तो काढून टाकला होता आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. नवा बसवल्यापासून तापमान ८२ ते ८८ आणि टाकी फुल टू फुल १६.४.

ज्यांना असा सेन्सरचा खर्च फुकट गेलाय किंवा वाचलाय, त्यांनी सविस्तर लिहा.

सांगली, गावभाग
२०१९च्या ऑगस्टच्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं, गाडी बोनेटपर्यंत बुडाली. सगळं खोलून, वाळवून सुरू केली, चांगली चाललीही. वर्षभराने अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. स्कॅनर लावला तेव्हा इंजिनला हात लावता येत नव्हता, आणि आकडा होता ३१ अंश! आमच्या गाडीत रेडिएटरच्या पंख्याचा स्विच वेगळा आहे, पंखा या आकड्यावर चालत नाही, म्हणून इंजिन वाचलं.

तापमानाच्या सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) काढला. एका पिनेवर हिरवी भुकटी धरली होती. या सेन्सरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो. गंजामुळे वाटेत रोध वाढला की ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे. सेन्सरला थेट मीटर लावला, तर गरम इंजिनवर ३०० ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. पीन घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पुढे कपलरच बदलला. पुरात गेलेली गाडी असेल तर प्रत्येक कपलर उघडून बघा, दोन वर्षांनीसुद्धा.

कऱ्हाड
आधी चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. माझं मागचं डावं चाक ब्रेक चिकटून जाम झालं होतं. ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र आवाज. हवा आणि ब्रेक बघायला पैसे लागत नाहीत.

वाई
माझ्या गाडीत काहीच निघालं नाही. शाळा घरापासून ३ किलोमीटर. थंडीत इंजिन तापायच्या आत मी पोचलेली असते. वहीत लिहून ठेवलं तेव्हा कळलं, शाळेच्या दिवसांत १०-११ आणि त्याच गाडीने साताऱ्याला गेलं की १६. सगळ्यांनी महिनाभर एकाच पंपावर टाकी भरून वही ठेवा, मग गॅरेजला जा.

मिरज, गॅरेजवाला
पंचवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून कळकळीने सांगतो. कोडमध्ये पार्टचं नाव नसतं. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी ०१७२ म्हणजे जाड (पेट्रोल जास्त), एवढंच. ते कशामुळे झालं, हे आपण शोधायचं असतं.

मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बारीक रबरी नळी असते, ती आधी बघा. जुन्या गाडीत ती टोकाला चिरते. चिरली की सेन्सरला इंजिनचा व्हॅक्यूम कळत नाही, त्याला वाटतं गाडीवर लोड आहे, पेट्रोल वाढतं. मी टोकाचा अर्धा इंच कापून तीच नळी परत घालतो, लांबी पुरली तर.

ऑक्सिजन सेन्सरचं म्हणाल तर, कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) अलीकडचा चांगला सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होतो. तो खालीच अडकला, तरी लगेच बदलू नका. त्याच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) गॅस्केट फुटली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती हवा मोजतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. गार इंजिन सुरू करून फट-फट आवाज येतो का ऐका.

सातारकर दादा, तुमचा जुना सेन्सर टाकला नसेल तर परत लावून बघा.

सातारा
मेस्त्री, डिकीतच पडला होता. काल संध्याकाळी लावला. पाच मिनिटं गाडी तापवली आणि स्कॅनरवर रेघ बघितली. ०.१, ०.८, ०.२, ०.८. आज तोच लावून वाईला जाऊन आलो. नवा डब्यात ठेवलाय.