टायमिंग ‘पुढे’ म्हणजे लवकर की उशिरा?

प्रश्न : फोर्डच्या जुन्या, संगणकावर चालणाऱ्या पिकअप ट्रकची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत आणतोय. इंजिनातली ठिणगी लवकर पाडणं म्हणजे ‘ॲडव्हान्स’; त्यासाठी ‘टायमिंग पुढे घ्या’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्यानं नेमका उलटा अर्थ घेतला. म्हणे, परीक्षा पुढे गेली म्हणजे उशिराच झाली ना?

— त्याचं चुकलं नाही. ‘पुढे’ दुतोंडी आहे. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर ते लवकर वाजतं. लग्न पाच दिवस पुढे गेलं तर ते उशिरा लागतं. मेकॅनिकच्या डोक्यात घड्याळ असतं, वाचकाच्या डोक्यात लग्न. सरळ ‘ठिणगी लवकर’, ‘ठिणगी उशिरा’ लिहा. आकडा देताना ‘अलीकडे’ चपखल बसतं : पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या 10 अंश अलीकडे. ‘अग्रिम’ नको, पगाराची उचल आठवते.

— अंश क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, हेही लिहा. मिनिटाला 600 फेऱ्या असताना 10 अंश म्हणजे सुमारे 2.8 मिलिसेकंद, 3000 फेऱ्यांना जेमतेम 0.56. हवा-इंधनाचं मिश्रण जळायला वेळ लागतोच, म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी अलीकडे आणावी लागते. पूर्वी हे काम डिस्ट्रिब्युटरमधली (हा सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूम करायचे; ईईसी-फोर या फोर्डच्या इंजिन-नियंत्रण प्रणालीत संगणक करतो.

प्रश्नकर्ता : मग ‘बेस टायमिंग’ला ‘पायाभूत’ म्हणू?

— ‘मूळ टायमिंग’ म्हणा. संगणकानं स्वतःची भर घालण्याआधीचं, एवढाच त्याचा अर्थ, आणि निदान बहुतेकदा इथंच फसतं. इंजिन गरम झालं की बंद करायचं, संगणकाचा हुकूम ठिणगीकडे नेणारा स्पाउट नावाचा छोटा जोड काढायचा, पुन्हा चालू करून टायमिंग लाइट मारायचा, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्यात फिरत्या चाकावरची खूण बघायची. जोड न काढता दिसणाऱ्या आकड्यात संगणकाची भर मिसळलेली असते. त्यावरून टायमिंग बदलायला डिस्ट्रिब्युटर फिरवणं म्हणजे चुकीवर चूक. जोड काढला काय, लावला काय, रेस देऊनही आकडा तोच राहिला, तर संगणकाचा हुकूम ठिणगीपर्यंत पोहोचतच नाही. तिथे वायरी, ठिणगीचं मॉड्यूल आणि खुद्द संगणक तपासायचा.

— ‘खूण नाचते’ आणि ‘खूण सरकली’ यांत मात्र गल्लत करू नका. लाइटच्या उजेडात खूण थरथरत असेल, तर टायमिंग चेन सैल किंवा डिस्ट्रिब्युटरचा गिअर झिजलेला असू शकतो. स्थिर असून चुकीच्या जागी असेल, तर बॅलन्सरची, म्हणजे खूण असलेल्या त्या चाकाची, बाहेरची कडी रबरावरून फिरलेली असू शकते. मग टायमिंग ठीक, खूणच खोटी! पिस्टन खरोखर टोकाला आणून ती पडताळावी लागते.

प्रश्नकर्ता : ‘नॉकिंग’ला ‘ठोकणं’ चालेल? चढावर ठिणगी फार लवकर पडली की येणारी टकटक?

— चालेल. पण बेअरिंगसुद्धा ठोकतं. ‘भार पडला की टकटक’ असं फोडून लिहिलेलं बरं. ठिणगी उशिरा पडली, तर ‘इंजिन ओढत नाही’ म्हणायचं.

प्रश्नकर्ता : पटलं. डिस्ट्रिब्युटरला मी ‘वितरक’ लिहून बसलोय...

— खोडा!