मदत हवी आहे: सेलममधल्या 1692च्या खटल्यांच्या जागा एका दिवसात पायी, गाइडशिवाय

ओसरी:
सप्टेंबरात बॉस्टनहून एक दिवस सेलमला जायचं आहे. चार जण, गाडी नाही. आई-बाबा सत्तरीचे आहेत, दोन तास आरामात चालतात, मग टेकायला जागा लागते. मेणाचे पुतळे, भुताची घरं यात कोणालाच रस नाही. चेटकिणींच्या खटल्यांशी खरोखर संबंध असलेल्या जागाच बघायच्या आहेत.
1. कुठून सुरू करून कुठे संपवावं?
2. नकाशात 'गॅलोज हिल पार्क' दिसतं. फाशीची जागा तीच का?
3. एका ठिकाणी वाचलं बळी 19, दुसरीकडे 20. खरं काय?
4. हे प्रकरण जिथे सुरू झालं ते शेजारचं डॅनव्हर्स त्याच दिवशी जमेल का?

पायवाट:
आधी आगगाडीचं. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून निघा, साउथवरून नाही. ही चूक बरेच जण करतात. न्यूबरीपोर्ट आणि रॉकपोर्ट, दोन्ही मार्गांच्या गाड्या सेलमला थांबतात, अर्धा तास लागतो. शनिवार-रविवारी गाड्या कमी, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

स्टेशनातून वॉशिंग्टन स्ट्रीटने दक्षिणेकडे निघालात की डावीकडे फेडरल स्ट्रीट लागतो. तिथे 10 नंबरला तुरुंगाच्या जागेचा फलक आहे. तुरुंग शिल्लक नाही, नुसती पाटी, तेव्हा दोन मिनिटं पुरे. पलीकडे हॉवर्ड स्ट्रीटची दफनभूमी. ती 1801ची, म्हणजे खटल्यांनंतरची, पण आरोपी जाइल्स कोरीला याच परिसरात मारलं असं मानतात. कोर्टाची इमारतही उरलेली नाही. तिचा फलक वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे, तो परतताना बघा.

मग दक्षिणेला चार्टर स्ट्रीट. जुनी दफनभूमी 1637ची, शेजारीच बळींचं 1992चं स्मारक. वेळ इथे द्या. दगडी भिंतीतून ग्रॅनाइटचे 20 बाक बाहेर आलेले आहेत. प्रत्येकावर नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख, एवढंच. आत शिरताना पायाखाली बघा: उंबरठ्याच्या दगडांवर आरोपींची स्वतःला निर्दोष म्हणणारी वाक्यं कोरली आहेत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि बाकांवर कॉफीचे पेले ठेवतात. टेकायला बाक आहेत, पण ते स्मृतिशिळा आहेत हे आई-बाबांना आधी सांगा, नाहीतर नंतर त्यांनाच ओशाळल्यासारखं होईल.

दफनभूमीत एकाही बळीची कबर शोधू नका, नाही. न्यायाधीश जॉन हॅथॉर्नचा दगड मात्र आहे. लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न त्याच्याच वंशातला.

तिथून एसेक्स स्ट्रीटने पश्चिमेकडे 'विच हाउस'. नावावर जाऊ नका, तिथे कोणी चेटकीण राहत नव्हती. न्यायाधीश जॉनथन कॉर्विनने ते 1675 मध्ये घेतलं. खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलम शहरात उभी राहिलेली ही एकमेव वास्तू. 1940च्या दशकात रस्ता रुंद करताना ती थोडी मागे सरकवली. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालच्या खोल्यांवर भागवा.

खडक:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. टेकडीच्या माथ्यावर गेलात तर दमाल आणि चुकीच्या जागी उभे राहाल. फाशी खाली, पायथ्याच्या प्रॉक्टर्स लेजवर दिली गेली. इतिहासकार सिडनी पर्लीने 1921 मध्येच तसं मांडलं होतं, 2016 मध्ये अभ्यासकांच्या गटाने ते पक्कं केलं. स्मारक 19 जुलै 2017ला उघडलं. 1692 मध्ये त्याच तारखेला पाच जणींना फासावर चढवलं होतं. नकाशात 'पोप स्ट्रीट' टाका. राहत्या वस्तीतली छोटी जागा आहे, अर्धवर्तुळाकार दगडी भिंत आणि मध्ये ओकचं झाड. स्वच्छतागृह नाही, गाडी लावायला जागा नाही, शेजारी लोक राहतात, तेव्हा हळू आवाजात बोला.

विच हाउसपासून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागेल. सगळी फेरी स्टेशन ते स्टेशन चार-पाच किलोमीटर भरते. आई-बाबांसाठी हा शेवटचा तुकडा टॅक्सीने करा.

तिसरा प्रश्न: दोन्ही आकडे बरोबर. फाशी 19 जणांना: 10 जूनला एक, 19 जुलैला पाच, 19 ऑगस्टला पाच, 22 सप्टेंबरला आठ. विसावा जाइल्स कोरी. त्याने कोर्टात 'दोषी' किंवा 'निर्दोष' असं काहीच म्हणायला नकार दिला. उत्तराशिवाय खटला चालत नसे, म्हणून ते काढण्यासाठी त्याला निजवून अंगावर दगड रचत गेले, त्यात तो 19 सप्टेंबरला गेला. म्हणून लेजच्या भिंतीवर नावं 19 आणि चार्टर स्ट्रीटला बाक 20. तुरुंगात किमान पाच जण मेले, ते या दोन्ही आकड्यांत नाहीत. आणि जाळलं कोणालाही नाही. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला फाशीच होती.

ओसरी:
पायवाट, खडक, आभार. मूळ कागद वाचायचे तर? आणि डॅनव्हर्सचं राहिलंच.

पायवाट:
कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. सगळे नकोत, फाशी गेलेल्या रिबेका नर्सचं एकच प्रकरण वाचा: ज्यूरीने आधी 'निर्दोष' म्हटलं, मग फिरवलं. वाचताना एक अडचण येईल. तेव्हाचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या कागदांवर 1691 किंवा 1691/2 दिसतं. चूक नव्हे ती, आपल्या हिशेबाने 1692च.

डॅनव्हर्स त्याच दिवशी करू नका. प्रकरण तिथे सुरू झालं हे खरं. तेव्हाचं 'सेलम व्हिलेज' म्हणजे आजचं डॅनव्हर्स. पण जागा विखुरलेल्या आहेत, पायी होत नाहीत. ज्याच्या घरातून आरोप सुरू झाले त्या पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या घराचा पाया सेंटर स्ट्रीटला घरांच्या मधून जाणाऱ्या बोळातून जाऊन मागे आहे. पाटी छोटी, पहिल्या खेपेला हमखास चुकते. रिबेका नर्सचं घर वर्षभर उघडं नसतं, वेळा बघूनच दिवस ठरवा.

खडक:
जोडून: सप्टेंबरचा पूर्वार्ध धरा. ऑक्टोबरात विच हाउसचं तिकीट आधी काढावं लागतं आणि गर्दीत स्मारकाच्या उंबरठ्यावरची अक्षरं दिसतच नाहीत.