मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बँडनंतर वजन किती उतरतं?

बँड (जठराच्या वरच्या भागाला आवळणारा पट्टा, म्हणजे थोडक्यात पोट भरतं) बसवून पाच महिने झाले. तेव्हा ११८ किलो होते, आज १०६. डॉक्टर म्हणतात, आठवड्याला अर्धा-एक किलो म्हणजे छान चाललंय. जादा वजनातलं निम्मं उतरायलाच दोनेक वर्षं लागतात. पण नणंदेची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) झाली, ती भराभर उतरली, आणि सासूबाई माझ्याकडे बघून रोज सुस्कारे टाकतात!

बँड घट्ट करायला पोर्टमधून (कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून) सलाइन दोनदा भरलंय. पोळीचा घास अडकून छातीत दाटतं, आइस्क्रीम मात्र सुर्रकन खाली. तिथेच घोळ होत असावा.

बँडवाल्यांनो, तुमचा काटा मध्येच महिनाभर अडला होता का? तेव्हा पुन्हा सलाइन भरलंत की खाणं बदललंत? आणि भाकरी कुणाला जमते का हो?