बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग बॉनेटवरून जात नाहीयेत, मदत हवी आहे (इंदूर)

नमस्कार मंडळी, पोस्ट थोडी लांब होणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही राजेंद्र नगरला राहतो. गाडी बाबांची, २०१३ ची गडद निळी स्विफ्ट, मेटॅलिक रंग. इतकी वर्षं ती बाबांनीच धुतली. दर रविवारी सकाळी सातच्या आत, दोन बादल्या नर्मदेचं पाणी (आमच्या नळाला तेच येतं), एक लोटा आणि आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. यंदा जानेवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गुडघेही आता वाकू देत नाहीत, तेव्हापासून धुवायचं काम माझ्याकडे आलंय.

रंगपंचमीला गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला राजवाड्याकडे गेलो होतो. गाडी बरीच अलीकडे उभी केली होती तरी परत येऊन बघतो तर टपापासून डिक्कीपर्यंत गुलाल आणि रंगाचं पाणी. दुसऱ्या दिवशी नर्मदेचा नळ नव्हता (आमच्याकडे एक दिवसाआड येतो) आणि रंग पक्का बसेल या भीतीने मी बोरिंगची मोटर लावली, पाइप जोडला आणि सकाळी अकरा-साडेअकराच्या उन्हात गाडी धुतली. शाम्पू गाडीचाच होता, फडकं स्वच्छ होतं, रंग सगळा निघाला. पुसायला घेणार तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, आत गेले, वीसेक मिनिटांनी बाहेर आले तोवर गाडी आपोआप वाळलेली आणि बॉनेट, टप, डिक्कीचं झाकण सगळीकडे पांढरी वर्तुळं.

कशी दिसतात ते नीट सांगते. जिथे जिथे थेंब वाळला तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढं वर्तुळ, मधे जवळजवळ काहीच नाही आणि कडेने खडूने ओढल्यासारखी रेघ. ओलं केलं की सगळं गायब, वाटतं गेलं बुवा एकदाचं, आणि वाळलं की एकूण एक डाग परत हजर. संध्याकाळी बाबा बाहेर आले, बॉनेटवर बोट फिरवलं, एक डाग नखाने खरवडून बघितला आणि काही न बोलता आत गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

आतापर्यंत केलेले उपाय: शाम्पूने पुन्हा दोनदा धुतली, काही फरक नाही. लिक्विड वॅक्स लावलं, चमक आली पण डाग चमकीच्या खालून दिसतातच. मग कुणीतरी म्हणालं म्हणून किचनमधल्या आरओचं जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून त्याने धुतली, तर मला वाटतंय डाग वाढलेच. शेवटी एका वॉशिंग सेंटरवर नेली. तिथला माणूस म्हणाला पूर्ण गाडीला रबिंग मारून (म्हणजे कंपाउंडने रंग घासून) वरून सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर द्यावा लागेल, सोळा हजार होतील, म्हणजे पुन्हा कधी डाग पडणारच नाहीत. दाखवायला म्हणून त्याने धुळीने भरलेल्या दरवाजावर कोरडंच फडकं जोरात फिरवलं, माझ्या काळजात धस्स झालं आणि मी गाडी परत घेऊन आले.

हे डाग घरच्या घरी निघतात का? रबिंग खरंच लागतं का? आणि पुढे नळ नसेल त्या दिवशी गाडी धुवायची कशाने? पाडव्याला बाबांना घेऊन ओंकारेश्वरला जायचंय, त्याआधी बॉनेट तरी पहिल्यासारखं दिसावं एवढीच इच्छा आहे.

*प्रतिसाद: सुदामानगरकर*

ताई, आधी शांत व्हा, हे बहुतेक निघेल. गेली कित्येक वर्षं स्वतःची गाडी स्वतः धुतोय आणि हाच प्रकार माझ्याकडूनही झालेला आहे.

उन्हाळ्यात कुलरच्या जाळीवर पांढरा खरखरीत थर बसतो ना, तुमच्या बॉनेटवर तोच बसलाय. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. शाम्पूने ते विरघळत नाहीत, त्याला आम्ल लागतं, म्हणून दोनदा धुवून काही झालं नाही. आणि वॅक्स तुम्ही क्षारांच्या वरून लावलंत, ते आता आत झाकले गेलेत.

पांढरं व्हिनेगर आणा, चायनीजमध्ये घालतो ते, आणि त्यात तेवढंच साधं पाणी घाला. गाडी सावलीत, बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघायची, गार लागलं तरच सुरुवात. आधी धूळ पाण्याने काढून घ्या. मग मायक्रोफायबरचं फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून डागांवर नुसतं अंथरा, एक-दोन मिनिटं, वाळू द्यायचं नाही. उचलताना हलक्या हाताने पुसा, घासायचं अजिबात नाही. लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग शाम्पू, मग परत पाणी आणि ताबडतोब कोरडं करा. पहिल्यांदा तळहाताएवढ्या जागेवर करून बघा, आणि क्रोमच्या पट्ट्या नि रबर यांना व्हिनेगर लागू देऊ नका. पहिलं वॅक्सही याने उतरेल, ते शेवटी पुन्हा लावायचं.

रबिंगचं म्हणाल तर रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. रबिंग कंपाउंड तोच थर खरवडतं. जो डाग विरघळून निघू शकतो त्यासाठी पूर्ण गाडीचा थर का घालवायचा? आणि सिरॅमिक कोटिंग केलं म्हणजे डाग पडत नाहीत हे खरं नाही, कोटिंगवरही बोरिंगचं पाणी वाळलं तर असेच डाग पडतात.

*प्रतिसाद: पाणीवाला_इंदूर*

माझं फिल्टर दुरुस्तीचं काम आहे म्हणून आरओबद्दल लिहितो, रोज कुणी ना कुणी हे विचारतं. आरओ पाण्याचे दोन भाग करतो, एकात गोडं पाणी जातं आणि त्यातून काढलेले सगळे क्षार दुसऱ्या नळीतून बाहेर पडतात. म्हणजे ते वाया जाणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं असतं. फरशी पुसा, अंगण धुवा, गाडीला शेवटचं पाणी म्हणून कधीही नाही.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किमीवरून चढवून आणतात, त्याचा पाइप लावून दहा मिनिटं गाडी धुतली तर शंभर लिटर सहज जातं, तेही बरोबर नाही. बाबांची दोन बादल्यांची पद्धत एकदम योग्य आहे. नळ असेल त्या दिवशी एक बादली गाडीच्या नावाने झाकून ठेवत जा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही चालतं, ते हवेतली वाफ थंड होऊन झालेलं असतं, क्षार जवळजवळ नसतात. फक्त आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये ते फार जमत नाही, पावसाळ्यात बादल्या भरतात.

*प्रतिसाद: मूळ प्रश्नकर्ती*

दोघांचेही खूप आभार! शेजारच्या काकांकडे टीडीएस मीटर होतं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, आकडा जास्त म्हणजे क्षार जास्त), लगेच मोजलं. नर्मदा २१०, बोरिंग ८४०, आणि आरओचं वाया जाणारं तर ११०० च्या वर. म्हणजे मी ते डागांवर ओतत होते.

काल सावलीत डिक्कीच्या झाकणावर एका कोपऱ्यात व्हिनेगर करून बघितलं. फडकं उचललं तर खालून नुसता निळा रंग, विश्वासच बसेना, बाबांना हाक मारून बोलावलं. पण बॉनेटवर केलं तिथे दहातले आठ गेले आणि दोन तसेच राहिले. नखाला खरखर लागत नाही, तरी तिरक्या उजेडात वर्तुळ दिसतं. अजून एकदा व्हिनेगर लावू का? की जास्त वेळ ठेवू?

*प्रतिसाद: गॅरेजच्या_अंगणातून*

परत लावू नका ताई, वेळही वाढवू नका. नखाला काही लागत नाही म्हणजे क्षार निघालेत, जो दिसतोय तो क्लिअर कोटला पडलेला व्रण आहे. बॉनेट इंजिनमुळे आणि उन्हाने जास्त तापतं म्हणून तिथेच खोल जातात. त्याला आता फक्त बारीक पॉलिश, आणि तेही तेवढ्याच जागेवर. फिनिशिंग पॉलिश म्हणून मिळतं, दुकानात स्पष्ट सांगा की कंपाउंड नको. स्पंजच्या गोल पॅडवर वाटाण्याएवढे दोन थेंब, एका वेळी वीतभर जागा, हलका दाब देऊन उभं-आडवं फिरवायचं. दोनदा करून नाही गेलं तर सोडून द्या. जो व्रण फक्त तुम्हालाच माहीत आहे त्यासाठी थर संपवण्यात अर्थ नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. त्या माणसाने कोरडं फडकं फिरवलं ते बघून तुम्हाला धस्स झालं ते बरोबरच होतं. आपल्या माळव्याची धूळ बारीक वाळूसारखी असते. रोज सकाळी पिवळ्या फडक्याने कोरडी गाडी झटकतात ना, त्यानेच उन्हात दिसणारं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल गोल जाळं तयार होतं. धूळ आधी लोट्याने वाहून काढायची, मग हात लावायचा. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, प्रत्येक वेळी फडकं आधी साध्या पाण्यात पिळून मग शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवशी ते गाडीला लावायचं नाही. मायक्रोफायबर धुताना कम्फर्ट वगैरे घालू नका, धागे बुळबुळीत होतात आणि पाणी टिपत नाहीत.

*प्रतिसाद: मूळ प्रश्नकर्ती*

अपडेट देते. आज सकाळी साडेसहाला सुरुवात केली, अंगणात अजून ऊन आलं नव्हतं. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले. आधी गप्पच होते, मग हळूहळू सुरू झाले, लोटा वरून धर, दाराच्या फटीत मागून पाणी घाल, आरशाखाली पाणी साठतं ते नंतर ओघळतं म्हणून आरसा आधी टिपून घे. हे आरशाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दरवाजावर येणारे ओघळ तिथूनच येत होते म्हणे.

व्हिनेगर टपावर आणि बॉनेटवर एकदाच केलं. मग पॉलिश, फक्त बॉनेटच्या उजव्या बाजूला जिथे ते हट्टी डाग होते. पंधरा-सोळा होते, आता तीन आहेत, तेही मान वाकडी करून बघितलं तरच. वॅक्स लावलं. दोन बादल्यांत सगळं झालं, वर अर्धी बादली उरली ती तुळशीला आणि जास्वंदीला घातली, ती नुसत्या पाण्याची होती, शाम्पूची नाही.

बाबा उठून आले आणि परत बोट फिरवलं बॉनेटवर, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, पुढच्या रविवारी मी बसल्या बसल्या चाकं करतो, खालचं स्टूल काढून ठेव. डॉक्टरांना विचारून मगच, असं मी म्हटलंय.

आता एकच राहिलं, पुढच्या काचेवर वायपरच्या वरच्या कमानीला तसेच डाग आहेत आणि समोरून लाइट आला की ते चमकतात. काचेला पण व्हिनेगर चालेल ना? घाटातून जायचंय म्हणून विचारते.

*प्रतिसाद: सुदामानगरकर*

चालेल, काचेला तर बिनधास्त, फक्त वायपर उभे करून ठेवा आणि खाली बॉनेटवर जुना टॉवेल अंथरा म्हणजे नवं वॅक्स उतरणार नाही. वायपरची रबरं ओल्या फडक्याने पुसून घ्या, काळं निघायचं थांबेपर्यंत. वॉशरच्या टाकीत बोरिंगचं पाणी भरलंय का तेही बघा, असेल तर ते काढून नर्मदेचं भरा, नाहीतर घाटात एकदा पाणी मारलं की डाग पुन्हा पडतील. बाबांना नमस्कार सांगा.