बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीआधीचा आहार : तुमचे अनुभव लिहा

माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात ठरली आहे. आधीचे दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, प्रथिनं भरपूर, भात-पोळी-साखर जवळपास बंद. सर्जननी कागदावर चित्र काढून कारण सांगितलं. यकृताचा डावा भाग जठराच्या पुढ्यात येतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. चरबीने फुगलेलं यकृत जड असतं, धक्का लागला तर रक्तस्राव होऊ शकतो. पिष्टमय पदार्थ तोडले की यकृतातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरलं जातं, त्याच्या दर ग्रॅमसोबत साठलेलं तीनेक ग्रॅम पाणीही जातं आणि मागोमाग चरबी उतरू लागते. म्हणजे हे सगळं काट्यासाठी नसून यकृतासाठी आहे.

कारण पटलं, अडचण स्वयंपाकघरात आहे. काय खाल्लंत, काय जड गेलं, घरच्यांना कसं सांभाळलंत? सर्जरी करावी का, हा वाद इथे नको. तो घरी रोज चालू आहे.

रंकाळाकाठ
पहिले तीन-चार दिवस डोकं धरतं, चिडचिड होते, तोंडाला वास येतो. पुढं भूकच मंदावते. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, त्यामुळं त्याला रामराम. मला तारलं चिकनच्या अळणीनं. वरचा तवंग काढायचा, मिरपूड टाकायची, दिवसातून दोनदा वाटीभर प्यायचं. सोबत उकडलेल्या अंड्यांचं पांढरं. आई अळणीत भात कुस्करून आणायची, तेवढं मात्र रोज परत पाठवावं लागलं.

तुळसमंजिरी
शाकाहारी असाल तर वरणावर विसंबू नका. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी पाणी आणि पिष्टच. मला पनीर, सोया आणि टांगलेलं दही यांवर निभवावं लागलं. बिनचवीची व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर ताकात घुसळून वर जिरेपूड घातली की गिळवते. गोड चवीच्या पावडरीचा दुसऱ्या दिवशी वीट येतो. आणि पोट साफ होत नाही हो! इसबगोल आधी विचारून ठेवा.
मध्येच आषाढी आली. साबुदाणा, वरई, रताळं, सगळंच पिष्ट. सासूबाईंना म्हटलं, यंदा नुसत्या दही-ताकावर एकादशी करते. त्यांनी चारचौघींत माझं कौतुक केलं.

मधुमेही माणसाची बायको
आहार बदलला, गोळ्या त्याच राहिल्या. संध्याकाळी यांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, साखर ५८. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार सुरू करण्याआधीच मधुमेहाच्या डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. सर्जन आणि ते आपसात बोलले असतील असं धरून चालू नका. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तर ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. साखर फारशी वाढलेली नसतानाही त्या गोळीने रक्तात आम्ल साचू शकतं.

भूल देणारी
पेशंट म्हणून नव्हे, टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. ऑपरेशनआधी घन अन्नाला निदान सहा तास, साध्या पाण्याला दोन तास झालेले हवेत. तुमच्या रुग्णालयाने जास्त सांगितलं असेल तर ते पाळा. मध्येच लग्नात जेवलात तर सांगून टाका, कोणी ओरडत नाही. तारीख फार तर पुढे ढकलू. मिसरीसुद्धा तंबाखूच आहे. 'तंबाखू खाता का?' याला बायका हमखास 'नाही' म्हणतात. काही आठवडे आधी बंद करा, टाके भरायला अडचण येते.

लेस्टरहून
इकडे मला दूध-दह्याचा पर्याय मिळाला. दिवसभर ठरावीक सेमी-स्किम्ड दूध, साधं दही, एखादं खारट सूप. विचार करावा लागत नाही हे सुख. पण दुधाने पोट फुगणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

रंकाळाकाठ
एक राहिलं. आहार सुरू व्हायच्या आधी 'परत कुठं मिळणार' म्हणून मिसळ, बिर्याणी, मस्तानी असा निरोपाचा दौरा काढू नका. फुगलेलं यकृत आणखी फुगवून पंधरवडा सुरू करण्यात काय अर्थ?

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. मधुमेहाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आता एकच संकट : त्याच पंधरवड्यात भाचीचं केळवण आहे आणि जाणं भाग आहे.

तुळसमंजिरी
घरून पनीर खाऊन जा. तिथे बिनसाखरेची, बिनकुटाची काकडीची कोशिंबीर आणि ताक घ्या. आणि श्रीखंडाचं पातेलं कोणत्या मावशीच्या हातात आहे ते आधी बघून तिच्या पंगतीत बसू नका.