मुलांना गोल्फ: सुरुवात कुठून करायची?

विषय: मुलांना गोल्फ शिकवायचं आहे

मंडळी, नमस्कार.
मैत्रिणीबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जाऊन आल्यापासून आमच्या मोठीने गोल्फचा ध्यास घेतलाय. ती नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. तो अर्थातच "मला पण!" आमच्या दोघांच्याही घरात कुणी क्लब (गोल्फची काठी) हातात धरलेला नाही. लगेच कोच लावायचा का? सहा वर्षांचा पोरगा तिथे टिकेल का? रेंजवरच्या एका गृहस्थांनी सुचवलं की मोठ्यांचे जुने क्लब कापून द्या, चालतात. खरंच चालतात?
मी. गो., सनीव्हेल

---

विषय: उत्तर: मुलांना गोल्फ शिकवायचं आहे

ताई, कापलेले क्लब नकोत. दांडा आखूड होतो, पण ताठपणा आणि क्लबच्या डोक्याचं वजन मोठ्यांचंच राहतं. मग पोर क्लब फिरवत नाही, क्लब पोराला फिरवतो. मुलांचे क्लब वय बघून नाही, उंची मोजून घ्यायचे. बॅगेत 14 क्लब ठेवायची परवानगी असली तरी पटर (चेंडू कपाकडे घरंगळवायचा), एक वेज (जवळून उंच उडवायचा), सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा) आणि एखादा हलका वूड (लांब मारायचा) एवढ्यावर सुरुवातीचा काळ आरामात निघतो. तेही वापरलेले घ्या. उंची वाढली की याच मेलिंग लिस्टवर पुढच्या घरी जातील.

आणि कृपा करून रेंजपासून सुरुवात करू नका. तिथे मुलं फक्त जोर लावायला शिकतात, त्यातही निम्म्या वेळा चेंडू जागेवरच. त्यापेक्षा पटिंग ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, न्या. बऱ्याच सार्वजनिक कोर्सवर त्याचे पैसे पडत नाहीत. आधी हातभर अंतरावरून, मग चार पावलांवरून, मग ग्रीनच्या बाहेरून हळूच चिप (छोटा उडता फटका). चेंडू कपात पडल्याचा तो खडखडाट एकदा ऐकला की पोरं हलत नाहीत. शिवाय पार 72 च्या, म्हणजे अठरा होलना मिळून 72 फटके अपेक्षित असलेल्या, कोर्सवर हिशोबाने 36 फटके पटचेच (दर होलला दोन) धरलेले असतात, म्हणजे अर्धा खेळ तिथेच आहे.

कोर्सवर जायचं तर तुमच्याजवळ सन्कन गार्डन्स आहे, कुपर्टिनोत ब्लॅकबेरी फार्म. दोन्ही नऊ होलचे, छोटे. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर जा. धाकट्याचा चेंडू टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) नको, ग्रीनपासून पन्नासेक यार्डांवर ठेवा. तीन होल झाले आणि तो बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किल्ला बांधायला बसला तर बसू द्या, फक्त निघताना रेकने वाळू सारखी करायला लावा. पिचमार्क (चेंडू पडून ग्रीनवर झालेला खळगा) बुजवणं, दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय न देणं, कुणी मारत असताना गप्प उभं राहणं, हे मुलं आपल्यापेक्षा लवकर उचलतात. एका बाबतीत मात्र सूट नाही: क्लब फिरवणाऱ्याच्या जवळपास कुणी उभं राहायचं नाही. भावंडांमध्ये तर विशेष.

खर्चाचं म्हणाल तर "यूथ ऑन कोर्स" बघा. 2006 मध्ये आपल्या उत्तर कॅलिफोर्नियातच सुरू झालेला उपक्रम. सभासद मुलांना सहभागी कोर्सवर ठरावीक वेळी 5 डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत खेळता येतं, कोर्सला उरलेला मोबदला संस्था देते. मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या "फर्स्ट टी" संस्थेचे वर्गही आहेत. कोच त्यानंतर, पोरीने स्वतः मागितला तर.

बाबांना सांगा, क्रिकेटचं कोचिंग गाडीतच ठेवून यायचं. "डोकं खाली, डोकं खाली" ऐकून ऐकून पोरं खांदे वळवायचीच बंद होतात.
वि. का., सॅन होजे

---

विषय: उत्तर: उत्तर: मुलांना गोल्फ

आम्हा नाशिककरांना गोल्फ क्लब म्हटलं की क्रिकेटचं मैदान आठवतं, रणजीचे सामने होतात तिथे! त्यामुळे माझं मत बाजूला ठेवा. पण कॉलेजच्या दृष्टीने या खेळाचा फायदा होतो का? मुलींना गोल्फची शिष्यवृत्ती सहज मिळते, असं ऐकलंय.
अ. पा., फ्रीमाँट

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मुलांना गोल्फ

पाटीलसाहेब, हे "सहज" प्रकरण प्रत्येक दिवाळीच्या फराळाला ऐकतो. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या डिव्हिजनमध्ये कित्येक वर्षं मुलांच्या एका संघाला मिळून 4.5 आणि मुलींच्या संघाला 6 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. साडेचारांतून आठ-नऊ पोरांना तुकडे वाटायचे! 2025 पासून नियम बदललेत, पण त्या भरवशावर नऊ वर्षांच्या मुलीचे शनिवार-रविवार गहाण टाकू नका.

स्पर्धेची हौस असेल तर "ड्राइव्ह, चिप अँड पट" आहे. वय 7 ते 15, नोंदणी फुकट, अंतिम फेरी मास्टर्स या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या रविवारी, तिच्याच ऑगस्टाच्या कोर्सवर. 2014 च्या पहिल्या अंतिम फेरीत अक्षय भाटिया होता, जो आता पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांत) जिंकतो.

आईबापांनी काय करावं याचं मला आवडणारं उदाहरण मात्र इंग्लंडचा व्यावसायिक गोल्फर ॲरन राय याचं. परिस्थिती बेताची, तरी वडिलांनी लहानपणी त्याला आयर्नचा चांगला सेट घेऊन दिला. सरावानंतर ते टाचणी आणि बेबी ऑइल घेऊन एकेका क्लबच्या खाचा साफ करायचे, वर कव्हर घालायचे. व्यावसायिक खेळाडू आयर्नला कव्हर घालत नाहीत, लोक हसतात. 2024 मध्ये विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकली तेव्हाही याच्या बॅगेत कव्हरं होतीच. आणि भारताचा गोल्फर अनिर्बन लाहिरी तर जन्माने पुणेकर. वडील लष्करात डॉक्टर, खेळ त्यांनीच शिकवला.
वि. का.

---

विषय: उत्तर: मुलांना गोल्फ, आणि एक विनंती

काका, खूप आभार. रविवारी पाच वाजता सन्कन गार्डन्सच्या पटिंग ग्रीनवर जमायचं ठरवतेय. मोठ्यांनी फक्त चेंडू वेचायचे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, सूचना बंद. पाटीलसाहेब, तुम्हीही मुलांना घेऊन या. कॉलेजचा विषय पार्किंगमध्ये बोलू.

धाकटा डावखुरा निघाला. उंची पंचेचाळीस इंच. कुणाच्या गराजमध्ये त्या मापाची डावरी सेव्हन आयर्न पडून आहे का?
मी. गो.